अडवलेल्या पाण्यावरचे पाहुणे

मराठी वाचकाला भरतपूर भेटते ते पानिपताच्या वाटेवर. जानेवारी 1761च्या पडझडीनंतर उपाशी, उघडीवाघडी मराठी माणसे जाटांच्या मुलखात शिरली, तेव्हा महाराजा सूरजमलाने त्यांना अन्नवस्त्र दिले, औषधपाणी केले आणि घरच्या वाटेला लावले. पुढे 44 वर्षांनी यशवंतराव होळकर इंग्रजांना हुलकावण्या देत याच भरतपुरात आश्रयाला आले. 1805च्या सुरुवातीला जनरल लेकने किल्ल्यावर चारदा धडक मारली, तरी तो पडला नाही. आपल्या इतिहासातले भरतपूर हे असे आश्रयाचे गाव आहे, आणि पक्ष्यांच्या जगातही त्याची ओळख तीच आहे. शहराला लागून असलेले केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान उणेपुरे 29 चौरस किलोमीटरचे. एवढ्याशा जागेत साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे, आणि त्यांत तिबेटच्या पठारावर अंडी घालणारे हंस आहेत, सैबेरियातून उतरणारी बदके आहेत, आफ्रिकेहून पावसाबरोबर येणारा चातक आहे आणि गंगेच्या मैदानातून कधीच न हललेला सारसही आहे. या दोन आश्रयांना जोडणारा माणूस एकच, सूरजमल. ज्या बांधामुळे हे उद्यान पाण्याखाली जाते, तो अजान बांध त्याचाच. म्हणून भरतपूरकडे निसर्गाने भरून ठेवलेली परडी म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. निरनिराळ्या हवामानांतले पक्षी एका जागी पाहण्याचे सुख तिथे अडीचशे वर्षे पाणी अडवून, राखून आणि सोडून तयार झाले आहे. त्या सुखाचा इतिहास लिहायचा तर पक्ष्यांच्या आधी पाण्याच्या मालकीचा लिहावा लागतो.

भरतपूरची जमीन बशीसारखी खोलगट. गंभीर आणि बाणगंगा या नद्या पावसाळ्यात फुगल्या की त्यांचे पाणी या बशीत पसरायचे, शहरालाही वेढायचे आणि पावसाळा सरला की ओसरून जायचे. अठराव्या शतकात सूरजमलाच्या कारकिर्दीत अजान बांध उभा राहिला तो शहराला पुरापासून वाचवण्यासाठी आणि शेतीला पाणी देण्यासाठी. पक्ष्यांचा विचार त्यात कुणी केला असेल असे मानायला काहीही आधार नाही. पण बांधाने एक गोष्ट बदलली: पूर यायचा तेव्हाच यायचा, मात्र तो किती दिवस थांबायचा आणि कुठून जायचा हे आता माणूस ठरवू लागला. पाणथळीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. चार आठवड्यांत ओसरणारे पाणी डबक्यांपलीकडे फारसे काही मागे ठेवत नाही. ऑगस्टपासून मार्चपर्यंत हळूहळू उतरणारे पाणी मात्र मासे वाढवते, कंद पोसते, झाडांभोवती खंदक तयार करते आणि जाता जाता चिखलाचे काठ उघडे करत जाते. पक्षी येतात ते या हळूहळू उतरण्यासाठी.

ही किमया जवळून पाहिली तर तिच्यात गूढ काही नाही. पावसाळ्यात नदीचे पाणी बांधावाटे आत येते तेव्हा ते माशांची असंख्य पिल्ले घेऊन येते. त्याच सुमारास पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक, मुग्धबलाक, पाणकावळे, तिरंदाज आणि बगळे घरटी बांधतात. बाभळीचे काटे आणि खाली पाणी, म्हणजे मांजर-कोल्ह्यापासून दुहेरी कुंपण. पिल्ले अंड्यांबाहेर येतात ती माशांची चंगळ असते त्याच दिवसांत. ही मंडळी याच देशातली आहेत, त्यांचा ऋतू मोसमी पाऊस. ऑक्टोबरात ती पिल्ले वाढवण्यात गढलेली असतानाच उत्तरेची पहिली रांग उतरते. तलवार बदक आणि चक्रांग यांना हातभर उथळ पाणी लागते, कारण ती डोके बुडवून, शेपूट वर करून तळचे खातात. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद, तो पृष्ठभाग गाळत जातो. बुडी मारणाऱ्या बदकांना खोल डोह हवा असतो, तर कलहंस आणि पट्टकादंब यांना काठावरचे कोवळे गवत. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी यांच्या मधून मधून फिरत असतो. पाणी एकाच खोलीचे असते तर यांतल्या निम्म्यांना तिथे काम नसते. दोन बोटांपासून पुरुषभर खोलीपर्यंतचे पाणी शेजारी शेजारी ठेवले, तरच तीन हवामानांचे पक्षी एकमेकांच्या ताटात हात न घालता जेवू शकतात. भरतपूरमध्ये ही व्यवस्था लहान बांध आणि दरवाजे यांनी ठेवली जाते. आपण ज्याला विविधता म्हणतो, ती पाटकऱ्याच्या भाषेत वेगवेगळ्या कप्प्यांतली पाण्याची पातळी आहे.

या दरवाजांवर हक्क कोणाचा, याला भरतपूरमध्ये किती किंमत होती हे युद्धाने दाखवून दिले. किल्ल्याचा खंदक भरण्यासाठी जवळच्या मोती झीलचे पाणी वापरता येई. लेकला तोंडघशी पाडण्यात मातीच्या जाड तटांइतकाच या ओल्या खंदकाचाही वाटा होता. वीस वर्षांनी, डिसेंबर 1825मध्ये, लॉर्ड कॉम्बरमियर दुसरा वेढा घालायला आला तेव्हा तो हा धडा शिकून आला होता. त्याच्या सैन्याने आधी झिलीचा बांध ताब्यात घेतला आणि पाणी खंदकात जाऊ दिले नाही. खंदक जवळपास कोरडाच राहिला आणि 18 जानेवारी 1826 रोजी किल्ला पडला. पक्ष्यांच्या लेखात वेढ्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम एवढेच की, भरतपूरमध्ये पाणी हा कधीच देखाव्याचा भाग नव्हता. ते सत्तेचे साधन होते. पुढे या पाण्यावर पक्षी जमले, बंदुका जमल्या, मग दुर्बिणी जमल्या. दरवाजाची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीत तोच राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती किल्ली शिकाऱ्यांकडे आली. इंग्लंडातल्या बदकांच्या शिकारीच्या धर्तीवर संस्थानाने या खोलगट जमिनीत छोटे बांध, पाट आणि दरवाजे घातले, आणि ती भारतातली नामांकित शिकारीची जागा झाली. 1902मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन तिथे शिकारीला आला. उद्यानातल्या केवलादेवाच्या, म्हणजे शंकराच्या, देवळाजवळ आजही एक दगडी फलक उभा आहे. त्यावर तारीख, प्रसंग, मारलेले पक्षी आणि बंदुकांची संख्या असे रकाने कोरलेले आहेत. ओळीमागून ओळ व्हाइसरॉय, युवराज, सेनापती येतात आणि हजारांचे आकडे येतात. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोच्या पाहुणमंडळींनी 4,273 पक्षी पाडले. हा आकडा वाचून आपल्याला शिसारी येते, आणि ती यावीच. पण इतिहासाचा पुरावा म्हणून हा दगड दुसरेही काही सांगतो. एका दिवसात चार हजारांवर पक्षी पाडता येतात, याचा अर्थ त्याहून कितीतरी अधिक पक्षी त्या पाण्यावर उतरलेले होते, आणि पुढच्या वर्षीच्या पाहुण्यांसाठी पुन्हा उतरावेत इतके पाणी दरसाल राखले जात होते. शिकारीसाठी पाणी कप्प्याकप्प्यांत ठेवले गेले. निरीक्षकाला आज जे दिसते ते त्याच कप्प्यांत दिसते.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. मग काय शिकाऱ्यांचे आभार मानायचे? असा युक्तिवाद अधूनमधून होतोही: राजेरजवाडे होते म्हणून जंगले राहिली, बंदूक होती म्हणून पक्षी राहिले. हे खरे नाही, आणि ते खोटे ठरवणारा पुरावा भरतपूरमध्येच आहे. 1956मध्ये घना पक्षी अभयारण्य झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क आणखी काही वर्षे टिकला, शेवटची मोठी शिकार 1964मध्ये झाली आणि 1972मध्ये तो हक्कही संपला. बंदुका गेल्या, पक्षी राहिले, कारण पाणी राहिले. श्रेय द्यायचेच तर ते पाणी राखण्याला द्यावे, आणि त्यातही एक गोष्ट विसरता येत नाही. संस्थानाने हे पाणी राखले ते आसपासच्या शेतकऱ्याला बाजूला ठेवून. स्वातंत्र्य आल्यावर या जागेची शेती करावी, नदीचे पाणी शेतांना द्यावे अशी मागणी झाली, ती अज्ञानातून आलेली नव्हती. ज्याच्या शेताला पाणी मिळत नव्हते, त्याला साहेबांच्या बदकांसाठी भरलेले तळे दिसत होते. तेव्हा पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंकडे शब्द टाकला आणि जागा वाचली. हा निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. पण वरून आलेल्या शब्दाने वाचलेल्या जागेचे खालच्या गावांशी असलेले खाते तेव्हा बंद झाले नाही. ते थकीत राहिले, आणि पुढे व्याजासकट वसूल झाले.

शिकारीकडून निरीक्षणाकडे जाण्याच्या या प्रवासात मुंबईचा हात मोठा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 15 सप्टेंबर 1883 रोजी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत दोन भारतीय होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सुरुवातीचे बरेचसे सभासद शिकारीच होते. पक्षी मारून त्याची कातडी भरणे आणि पक्ष्याचा अभ्यास करणे या तेव्हा एकाच छंदाच्या दोन बाजू होत्या. हळूहळू या छंदाचा कल बदलला. 1920च्या दशकात धार संस्थानात, म्हणजे पवारांच्या मराठी गादीवर, बदकांच्या पायांत कडी घालण्याचा प्रयोग झाला. 1941मध्ये सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि बंदूक न बाळगणाऱ्या माणसालाही समोरच्या पक्ष्याचे नाव सांगता येऊ लागले. 1959नंतर संस्थेने भरतपूरला पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. हे काम प्रत्यक्षात केले बिहारच्या मीरशिकारांनी. पिढ्यानपिढ्या फासे आणि जाळी लावून पक्षी धरणे हा त्यांचा धंदा. पक्ष्याला इजा न होता तो कसा धरावा हे प्रयोगशाळेपेक्षा त्यांना अधिक कळत होते. हलक्या धातूचे एक कडे, त्यावर एक क्रमांक आणि मुंबईला कळवण्याची सूचना, एवढाच तो दागिना. अशी कडी पुढे सैबेरिया आणि मध्य आशियातून परत कळली, तेव्हा भरतपूरच्या तळ्यावरचे तलवार बदक कुठले, हे अंदाजाऐवजी पुराव्याने सांगता येऊ लागले. निरनिराळी हवामाने एका पाण्यावर भेटतात हे विधान कवितेतून विज्ञानात आले ते या कड्यामुळे. या कथेतही पक्षी जगवणारे ज्ञान पक्षी धरणाऱ्याकडूनच आले, हे ध्यानात घ्यावे.

1981मध्ये केवलादेव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले. भारतातून सर्वांत आधी गेलेल्या दोन जागांपैकी ती एक, दुसरी चिलिका. लागोपाठ ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1985मध्ये जागतिक वारसाही. याच काळात तो जुना प्रश्न पुन्हा उफाळून आला. राष्ट्रीय उद्यानात गुरे चरू द्यायची नाहीत असा नियम, आणि भोवतालच्या गावांच्या म्हशी तर पिढ्यानपिढ्या तिथे चरत आलेल्या. नोव्हेंबर 1982मध्ये बंदी अमलात आणताना गावकरी आणि पोलीस यांच्यात चकमक झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. बंदीला पक्षीतज्ज्ञांचाही पाठिंबा होता, खुद्द सलीम अलींचाही. माणूस आणि गुरे बाहेर गेली की निसर्ग आपला आपण सावरतो, ही त्या काळातली सार्वत्रिक समजूत. त्यानंतरच्या वर्षांत मुंबईच्याच संस्थेने तिथे दीर्घ अभ्यास केला आणि निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी गेल्यावर पाण्यावर चटईसारखे पसरणारे गवत मोकाट वाढले, मोकळे पाणी आकसले आणि ज्यांच्यासाठी बंदी घातली त्या पक्ष्यांचेच खाणे अवघड झाले. म्हैस ही तिथली घुसखोर नव्हती, गवत कापणारी फुकटची मजूर होती. पुढे गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून नेण्याची परवानगी द्यावी लागली. ज्या संस्थेतल्या लोकांनी बंदी उचलून धरली, तिनेच आपल्या अभ्यासाने तिच्यातली चूक दाखवली, ही त्या संस्थेच्या शास्त्रनिष्ठेची बाजू. पण ती चूक माणसांच्या जिवावर बेतली होती.

यावर दुसरा, अधिक सभ्य आक्षेप येतो. माणसाचे एवढे कौतुक कशाला? ही जमीन मुळातच खोलगट होती, पक्ष्यांचे मार्ग माणसाच्या इतिहासाहून कितीतरी जुने आहेत, आणि हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकादंबाला सूरजमलाने शिकवले नव्हते. हे सारे मान्य आहे. पक्ष्याचा मार्ग माणसाने आखलेला नाही. पण मार्गावरचे थांबे आज जिथे आहेत तिथे का आहेत, याचे उत्तर मार्गात मिळत नाही. गंगा-यमुनेच्या मैदानात नैसर्गिक दलदली पुष्कळ होत्या. त्यांतल्या बहुतेकांची शेते झाली, वस्त्या झाल्या. जी टिकली ती बहुधा कोणाला तरी त्या पाण्याची गरज होती म्हणून. तमिळनाडूतले वेदांथंगळ हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. तिथले तळे शेतीसाठी बांधलेले. त्यातल्या झाडांवर बगळे आणि बलाक घरटी करत, त्यांची विष्ठा पाण्यात पडे आणि ते खतावलेले पाणी खालच्या भातशेतीला मिळे. गावाने शिकाऱ्यांना हाकलले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कलेक्टर लायोनेल प्लेसकडून पक्षीरक्षणाचा हुकूमही मिळवला. भरतपूरमध्ये पाणी राजाने शिकारीसाठी राखले, वेदांथंगळला गावाने शेतीसाठी. हेतू वेगळे होते, पण दोन्हीकडे पक्षी टिकले ते पाण्याचा धनी हजर होता म्हणून. फरक पडला तो पुढे. जिथे धनी गाव होते तिथे 1982 घडले नाही.

महाराष्ट्रात हाच धागा पूर्व विदर्भात सापडतो. भंडारा-गोंदियाच्या मुलखात कोहळी समाजाने भातासाठी शेकडो तलाव बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, म्हणजे तोही अजान बांधासारखा माणसाच्या हातचा. तिथल्या पाण्यावर उत्तरेचे पाहुणे हिवाळाभर उतरतात, आणि वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्लींनी या परिसरातली आपली वर्षे मराठी पक्षिविद्येच्या पदरात टाकली. महाराष्ट्रातला सारस आज तगून आहे तो याच तलावांच्या आणि भातखाचरांच्या आधाराने. निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला लोक महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात, आणि तुलना वाटते त्याहून खोल आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ कालव्यांना पाणी वळवण्यासाठी दगडी बंधारा घातला गेला. पुढची कित्येक दशके त्यामागे गाळ साचत गेला. इंजिनियरच्या हिशेबात गाळ म्हणजे तूट, साठवण कमी होणे. पक्ष्यांच्या हिशेबात तोच गाळ म्हणजे उथळ पाणी, बेटे, पाणवनस्पती आणि चिखलाचे काठ. चापडगाव किंवा खाणगाव थडीच्या काठावर हिवाळ्यात जी बदकांची गर्दी दिसते, ती बंधाऱ्याच्या या अपयशावर उतरलेली असते. 1986मध्ये ते अभयारण्य झाले आणि 2020मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा म्हणून जाहीर झाले. भोवती ऊस, गहू, द्राक्षे आहेतच. पाणी त्यांच्यासाठीच अडवलेले आहे.

या सगळ्यावरून कोणी म्हणेल, मग धरणे बांधत सुटा, पक्षी येतील. पैठणच्या नाथसागरावर आणि उजनीच्या भिगवण बाजूला रोहित पक्षी येतात, भिगवणचे मासेमार हिवाळ्यात नावेतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात, हे खरेच आहे. पण हा निष्कर्ष माझ्या युक्तिवादातून निघत नाही, आणि का निघत नाही हे पुन्हा भरतपूरच दाखवते. गंभीर नदीवर वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पांचना धरण झाले. 2000नंतरच्या कोरड्या वर्षांत धरणाचे पाणी खाली सोडायला वरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि अजान बांधाकडे येणारा ओघ आटला. उद्यानाला वर्षाला सुमारे 55 कोटी घनफूट पाणी लागते. ते न मिळालेल्या वर्षी तळी भेगाळली आणि चित्रबलाकांनी बाभळींकडे पाठ फिरवली. म्हणजे एका धरणाने घडवलेली पाणथळ दुसऱ्या धरणाने मोडली. वरच्या शेतकऱ्याचे म्हणणे 1947नंतरच्या खालच्या शेतकऱ्यासारखेच होते: आमच्या पिकाआधी बदके का? पुढे गोवर्धन नाल्यातून आणि चंबळेच्या नळातून पाणी आणण्याची सोय झाली. तहान भागली, पण नळातून आलेल्या पाण्याबरोबर पुराच्या पाण्याइतकी माशांची पिल्ले येत नाहीत, आणि बलाकांची वीण त्याच पिल्लांवर चालते. पाणी म्हणजे घनफुटांचा आकडा नव्हे. ते कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने आणि काय घेऊन येते, यावर त्यावर कोण उतरणार हे ठरते.

माझ्या युक्तिवादाची मर्यादाही याच जागेने नोंदवून ठेवली आहे. पांढराशुभ्र सैबेरियन करकोचा, ज्याच्यासाठी जगभरचे लोक भरतपूरला येत, तो पश्चिम सैबेरियातल्या ओब नदीच्या खोऱ्यातून हजारो किलोमीटर कापून इथल्या उथळ पाण्यातले कंद उकरून खायला यायचा. 1960च्या दशकाच्या मध्याला इथे सुमारे 200 करकोचे मोजले गेले होते. 2002च्या सुमारास शेवटची जोडी दिसली, त्यानंतर कोणी आले नाही. इथल्या पाण्याचे हाल झाले हे कारण त्यात असेलही, पण अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या वाटेवरची शिकार आणि तिथली युद्धे यांनी तो कळप आधीच पोखरला होता. भरतपूरने पाणी कितीही चोख राखले असते, तरी वाटेवरची बंदूक त्याला थांबवता आली नसती. स्थलांतरित पक्ष्याला घर एक नसते. त्याच्या वाटेवरचा एकेक थांबा निखळला की उरलेल्यांची मेहनत वाया जाऊ शकते. मात्र यातून इथल्या पाण्याचे महत्त्व कमी होत नाही. दुसऱ्या देशातली बंदूक आपल्या हातात नाही, पण आपल्या बांधाचा दरवाजा आपल्या हातात आहे. जी कडी आपल्या हातात आहे, तिची जबाबदारी वाटणीने कमी होत नसते.

आता त्या दगडी फलकाकडे परत येऊ. तारीख, प्रसंग, पक्षी, बंदुका. ज्यांनी तो कोरला त्यांना पाण्याचा रकाना घालावासा वाटला नाही, कारण पाणी त्यांच्या हुकमतीत होते आणि हुकमतीतल्या गोष्टीची नोंद कोणी ठेवत नाही. आजच्या निरीक्षकाची वही त्या दगडाहून कितीतरी सुसंस्कृत आहे. तिच्यात बंदुकांचा रकाना नाही, जातींची नावे अचूक आहेत, नर-मादी आणि वयही टिपलेले असते. पण पाण्याचा रकाना तिच्यातही नाही. नांदूर मध्यमेश्वरला एका सकाळी साठ जाती दिसल्याचे आपण लिहितो. त्या दिवशी बंधाऱ्यात पाणी किती होते, आवर्तन कधी सुटणार आहे आणि ते कोणत्या गावच्या उसाला जाणार आहे, हे लिहीत नाही. हा रकाना आपण वहीत आखला, तर पक्षी पाहण्याच्या सुखात उणे काही होणार नाही. झालाच तर एक फायदा होईल. पुढच्या कोरड्या वर्षी बदके की पिके असा वाद पेटेल, तेव्हा पक्षीप्रेमी वरून शब्द आणायला धावण्याआधी शेतकऱ्याच्या शेजारी बसून पाण्याचा हिशेब मांडू शकेल. 1982च्या आधी भरतपूरमध्ये असा हिशेब मांडायला कोणी बसले नव्हते.